मिठाची बॅटरी येऊ द्या, पण जुनी झाल्यावर परत कोण घेणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोडियम-आयन बॅटरीवर, म्हणजे लोक जिला “मिठाची बॅटरी” म्हणतात तिच्यावर, लेख आला होता. लेख वाचनीय होता, पण त्याचा परिणाम असा झाला की तेव्हापासून माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बॅटरीचा भाव विचारत नाही, “मिठाची बॅटरी कधी येतेय, तोवर थांबू का?” असं विचारतं. नाशिकरोडच्या जेलरोडला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. 2005 नंतर लोडशेडिंगने कहर केला, ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची, त्या काळात हा धंदा सुरू केला. मी शास्त्रज्ञ नाही. ॲसिडने भोकं पडलेले शर्ट घालून हिंडणारा माणूस आहे. पण लेखात जे राहून गेलं ते आमच्यासारख्यालाच दिसतं, म्हणून लिहितोय.

आधी लोकांच्या मनातली भीती. आमच्या भागातले एक निवृत्त विज्ञान शिक्षक आले आणि म्हणाले, “अहो, सोडियम आम्ही रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो. पाण्यात इवलासा तुकडा टाकला तरी भडका उडायचा. आणि तुम्ही ते जिन्याखाली ठेवणार?” सरांचं बरोबर आहे, पण तो सोडियम धातू. या बॅटरीत धातूचा तुकडा नसतो, सोडियमचे आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण असतात, मिठात असतात तसे. चार्ज करताना ते एका बाजूच्या पदार्थातून निघून दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. लिथियमच्या बॅटरीत हेच चालतं, फक्त गडी वेगळा. मात्र म्हणून ही बॅटरी पेटतच नाही, असं कोणी सांगत असेल तर ते खरं मानू नका. आतला द्रव बहुतेक वेळा लिथियमवाल्यांच्या जातीचाच, म्हणजे पेट घेणारा असतो. धोका कमी-जास्त असतो तो आत कोणता पदार्थ वापरलाय आणि बॅटरी किती नीट बांधलीय, यावर.

आता “मीठ स्वस्त म्हणून बॅटरी स्वस्त” हे समीकरण. समुद्रात मीठ आहे, गुजरातेतल्या मिठापूरसारख्या ठिकाणी मिठापासून सोडा ॲश म्हणजे धुण्याचा सोडा तयार होतो, त्यातून सोडियम मिळतो, सगळं खरं. जमिनीच्या कवचात सोडियम दोन-अडीच टक्के आहे आणि लिथियम दहा लाखांत वीसेक भाग. पण बॅटरी बनते ती काही नुसत्या सोडियमवर नाही. लिथियमच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्राफाइट चालतं, सोडियमला ते मानवत नाही. गंमत म्हणजे सोडियमहून अंगाने मोठा असलेला पोटॅशियम ग्राफाइटमध्ये शिरतो, सोडियमच अडतो. त्यामुळे हार्ड कार्बन नावाचा वेगळा कोळसा लागतो. ग्राफाइट म्हणजे नीट रचलेली पापडांची चळत, आणि हार्ड कार्बन म्हणजे तीच चळत कोणीतरी उधळून दिलेली. मधल्या वेड्यावाकड्या फटींत सोडियम जाऊन बसतो. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही करतात, पण तो चुलीतल्या कोळशाच्या भावात मिळत नाही. धन बाजूला काही जण निकेल घालतात, काही जण व्हॅनेडियम, तर काही लोखंड-फॉस्फेटवर भागवतात. जसा पदार्थ तशी किंमत. मिठाचा भाव त्यात कुठल्या कोपऱ्यात राहतो ते बघा.

(जाता जाता: खरड छाटणीनंतर आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात आणि बरेचसे बांधावर जाळले जातात. हार्ड कार्बनसाठी जगभर कसल्या कसल्या काडीकचऱ्यावर प्रयोग चाललेत. आपल्याकडच्या एखाद्या इंजिनिअरिंग किंवा सायन्स कॉलेजच्या पोरांनी या काड्यांवर करून बघायला काय हरकत आहे? निघेल ते निघेल.)

एक खरी बचत मात्र आहे आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याचा पत्रा लागतो, सोडियमच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. तांबं महाग आणि जडही. शिवाय लिथियमचा सेल पार शून्य व्होल्टवर गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि सेल बाद होतो. सोडियमवाला सेल मुद्दाम शून्यावर आणून ठेवता येतो, त्याच अवस्थेत गाडीतून नेता येतो. अर्थात कंपनीने तशी परवानगी दिली असेल तरच. ज्याच्या गोडाऊनमध्ये रात्री चार्ज असलेल्या बॅटऱ्या पडून असतात, त्याला विचारा शून्य व्होल्टची किंमत.

मध्यंतरी एक विक्रेता माझ्याकडे सोडियमचा बारा व्होल्टचा नमुना पॅक ठेवून गेला. “तुमच्या नेहमीच्या इन्व्हर्टरला लावा, काहीच बदलायला नको,” म्हणाला. लावला. दिवे, पंखे असा लोड दिला आणि मीटर घेऊन बसलो. शिसं-ॲसिडच्या बॅटरीसाठी केलेला इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला “लो बॅटरी” म्हणून कोकलतो आणि बंद होतो. त्याने तेच केलं. पण पॅकमध्ये वीज शिल्लक होती! सोडियमच्या सेलचं व्होल्टेज भरलेला असताना चारच्या आसपास आणि रिकामा होताना दीडपर्यंत उतरतं. चार सेल ओळीत लावले की पट्टा होतो सोळापासून सहा व्होल्टपर्यंत. आपला साधा इन्व्हर्टर भरताना साडेचौदाच्या आत थांबतो आणि वापरताना साडेदहाला हात वर करतो. म्हणजे डबा वरूनही अर्धवट भरला आणि तळही खरवडला नाही. गिऱ्हाईक पैसे देणार पूर्ण डब्याचे. विक्रेत्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, नवीन इन्व्हर्टर घ्यावा लागेल. मग आधी का नाही सांगितलं?

याच उताराचा एक फायदा आहे, तोही सांगायला हवा. लिथियम फॉस्फेटची बॅटरी (लिथियमचीच लोखंड-फॉस्फेटवाली जात) शेवटपर्यंत जवळजवळ एकाच व्होल्टेजवर चालते आणि एकदम मान टाकते; किती उरली ते नुसत्या मीटरवरून कळत नाही. सोडियमची हळूहळू उतरते, त्यामुळे व्होल्टेज बघून आत किती आहे याचा अंदाज आमच्यासारख्या मेकॅनिकलाही बांधता येतो. शिसंवालीत आम्ही बुच उघडून ॲसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर बुडवतो, 1240 दाखवला की खूश, 1100 च्या घरात आला की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो. त्या बुचांना नवीन बॅटरीत जागा नाही, डिस्टिल्ड वॉटर टाकायला नको, टर्मिनलवर पांढरी बुरशी नाही. धंद्याचं नुकसान आहे, पण घरच्या बायकांची कटकट जाईल हे मान्य.

वजनाचं म्हणाल, तर 150 एएचची (अँपिअर-तास, क्षमतेचं माप) ट्यूबलर, म्हणजे घरोघरी दिसणारी बारा व्होल्टची शिसंवाली, ॲसिडसकट पन्नास-पंचावन्न किलो भरते आणि तिच्यात मावतात कागदावर 1800 वॅट-तास. म्हणजे किलोला तेहतीस ते छत्तीस. चीनच्या सीएटीएल कंपनीने 2021 मध्ये पहिला सोडियम सेल जाहीर केला तेव्हा किलोला 160 वॅट-तासांचा आकडा दिला होता, 2025 मध्ये तो 175 वर नेला. पेटी, वायरिंग, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) धरलं की आकडा खाली येतो, तरी शिशाच्या कितीतरी पुढे. चांगल्या लिथियम फॉस्फेटच्या मात्र अजून थोडं मागेच. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीला ही बॅटरी चटकन कोणी बसवणार नाही. एका जागी उभी राहणारी कामं हिची.

जाहिरातीत उणे 40 अंशांत चालते याचं फार कौतुक असतं. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, उणे चाळीस घेऊन आपण काय करणार? आपलं दुखणं मे महिन्यातलं. मालेगावला 43 अंश, बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. शिसंवालीचं आयुष्य तापमान आठ-दहा अंशांनी कायम चढं राहिलं की निम्म्यावर येतं, हे कंपन्यांच्या पुस्तिकेत असतं आणि आम्ही रोज बघतो. सोडियमवाले साठ-सत्तर अंशांचे दावे करतात. आपल्या शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहे. जिल्ह्यात विकायला येणाऱ्या सोडियम पॅकची तिथे मालेगावच्या उन्हाळ्यात तपासणी व्हावी आणि निकाल मराठीत छापून मिळावा. चीनमधल्या चाचणीचा कागद मला वाचता येत नाही.

आता गरज कुठे आहे ते सांगतो. छतावर सोलर बसवलेली मंडळी दुकानात येऊन चिडतात : “पंतप्रधान सूर्यघर योजनेतून पॅनल बसवले, वीज गेली की घरात अंधार तो अंधारच!” त्यांना समजावावं लागतं की नेट मीटरवालं सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद होतं, नाहीतर पोलवर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. त्यांना बॅटरीसकट हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइन गेली तरी घर चालवणारा, हवा असतो. पण मोठी गरज घरांची नाही. पिंपळगाव, ओझर, मोहाडीच्या पट्ट्यात द्राक्षाचं प्री-कूलिंग चालतं. माल काढल्यावर काही तासांत थंड झाला नाही तर निर्यातीचा कंटेनर परत यायची भीती. तिथे वीज गेली की डिझेल जनरेटर धडधडतो. 2027 च्या सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामला, घाटांवर, तात्पुरत्या दवाखान्यांना किती जनरेटर लागतील याची कल्पना करा, तेही ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात. अशा ठिकाणी वजनाला किंमत नाही, जागेला नाही. आगीची भीती कमी हवी आणि उन्हात टिकायला हवी. चीनमध्ये हुबेई प्रांतात 2024 मध्ये 100 मेगावॅट-तासांचं सोडियमचं केंद्र विजेच्या जाळ्याला जोडलंय. एवढं मोठं नको, पण एखाद्या शीतगृहावर एक कंटेनर लावून बघायला आपल्या जिल्ह्याइतकी योग्य जागा नाही.

आणि आता ज्यासाठी कागद घेतला तो मुद्दा.

शिसं-ॲसिडची जुनी बॅटरी माझ्याकडे परत येते, कारण तिला पैसे मिळतात. गिऱ्हाईक जुनी घेऊन येतं, आम्ही वजन करतो, नव्या बॅटरीच्या बिलातून तेवढे वजा करतो. शिशाचा भाव चढला की लोक माळ्यावरून, गॅरेजमधून शोधून आणतात. माझ्या दारात जुनी बॅटरी रात्री उघडी ठेवली तर सकाळी दिसणार नाही. या लोभातून वाईटही होतं : चोरून भट्टी लावून शिसं वितळवणारे आहेत, धूर आसपासच्या पोरांच्या छातीत जातो. पण बॅटरी उकिरड्यावर पडत नाही, एवढं तरी होतं.

लिथियम आल्यावर पहिला धक्का बसला. ई-बाइकचे मेलेले पॅक लोक आणून देतात, “तुम्हीच ठेवा” म्हणतात. माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये त्यांची एक रांग लागलीय. भंगारवाला येतो, शिसं उचलतो, या पॅककडे बघून मान हलवतो. कोबाल्ट-निकेलवाले असले तर कोणीतरी दूरचा व्यापारी विचारतो. लिथियम फॉस्फेटवाल्याला विचारणारं कोणी नाही. मी ते फेकू शकत नाही, फोडू शकत नाही, आणि रात्री शटर ओढताना एकदा त्या शेडकडे बघितल्याशिवाय घरी जाववत नाही.

सोडियमचं काय होणार? स्वस्तातली जात धरली तर आत लोखंड, कोळसा, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मीठ. स्वस्त मालाची म्हणून जिचा गाजावाजा चाललाय, तिला मेल्यावर कोणी हात का लावावा? कोबाल्ट नाही, तांबं नाही, शिसं नाही. भंगारात तिची किंमत जवळजवळ शून्य, उलट फोडायची मजुरी आणि आतला द्रव सांभाळायचा खर्च. सेल शून्य व्होल्टवर आणता येतो ही सोय इथे कामी येईल, पण ती वापरायला बॅटरी आधी कोणाच्या तरी हातात परत यायला हवी ना! ती जाणार नाल्यात, गोदेच्या काठाला, अंबड लिंक रोडच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर.

कायदा नाही असं नाही. 2022 चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत, त्यात बॅटरीचं रसायन कुठलंही असो, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ग्राहकाकडून अनामत घेऊन बॅटरी परत आल्यावर ती फेडायची, अशा पद्धतीलाही त्यात वाव आहे. पण वाव असणं आणि बिलावर छापलेलं असणं यात फरक आहे. माझी मागणी एवढीच आहे की राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सोडियम बॅटरीच्या बिलावर अनामतीची वेगळी ओळ असावी. रक्कम अशी हवी की माणसाला रिक्षा करून जुनी बॅटरी परत आणावीशी वाटेल. सप्टेंबर 2025 मध्ये शिसंवाल्या बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. आता गिऱ्हाइकाच्या खिशाला थोडी जागा आहे, अनामत मागायला हीच वेळ.

आणि ही अनामत कंपनीच्या खात्यात नको. याला कारण आहे. सोडियमच्या धंद्यात अजून कोण टिकणार हे ठरलेलं नाही. 2022 च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं होतं, तेव्हा सगळे सोडियमकडे धावले. 2024 उजाडेपर्यंत ते एक लाखाच्या आत आलं आणि सोडियमचा स्वस्तपणा बघता बघता विरला. अमेरिकेतली नॅट्रॉन ही नाव मिळवलेली सोडियम कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये बंद पडली. स्वीडनची नॉर्थव्होल्टही सोडियमचा सेल दाखवून बसली होती, मार्च 2025 मध्ये तिचं दिवाळं निघालं. आपल्याकडे हालचाल आहे : रिलायन्सने इंग्लंडची फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी विकत घेतली, पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या सोबतीने काम करून डिसेंबर 2023 मध्ये आपलं तंत्र जाहीर केलं, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या संशोधकांनी सहा मिनिटांत ऐंशी टक्के भरणारा सेल दाखवलाय. मला याचा अभिमान आहे, पुण्याचं नाव वाचून तर जरा जास्तच. पण कंपनी मोठी असो की छोटी, दहा वर्षांनी पॅक मरेल तेव्हा ती असेलच याची हमी कोण देणार? दुकानदार म्हणून वॉरंटी कार्डावर शिक्का माझा असतो. कंपनी गेली की गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर हात आपटतं. म्हणून अनामतीचे पैसे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली बँकेत राहावेत आणि बॅटरी आणून देणाऱ्याला, मग तो मूळ गिऱ्हाईक असो की कचरा वेचणारी बाई, ते मिळावेत. कचरा वेचणारीला मिळाले तर शहरात एकही पॅक रस्त्यावर राहणार नाही, माझ्याकडून लिहून घ्या.

सातपूरच्या आयटीआयत वायरमन आणि इलेक्ट्रिशियनची पोरं शिकतात. त्यांना सोडियमचा पॅक सुरक्षित कसा शून्यावर आणायचा, बीएमएस कसा तपासायचा, एवढं शिकवलं तरी पुढची पिढी तयार होईल. आमची पिढी शिशात गेली. आणि कंपन्यांनी डब्यावर एएच लिहून मोकळं होऊ नये; साध्या इन्व्हर्टरवर खरोखर किती वॅट-तास हाती येतील तो आकडा ठळक छापावा. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती की पुढच्या लेखात मिठागराच्या फोटोऐवजी तो आकडा द्यावा.

“थांबू का?” असं विचारणाऱ्यांना मी सध्या हे सांगतो : ट्यूबलरची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) ठीक असेल तर तिला पाणी घाला आणि चालवा. मेलीच असेल तर आज जी मिळते ती घ्या, अंधारात बसू नका. सोडियमचा पॅक कोणी दाखवला तर त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी मागा. तुमच्या इन्व्हर्टरच्या व्होल्टेजमध्ये ती किती चालणार, आणि मेल्यावर कोण कुठे परत घेणार. दुसऱ्या प्रश्नावर तो गप्प बसला, तर त्याला माझ्या दुकानामागची शेड दाखवायला पाठवा.

आपला,
एक बॅटरीवाला,
जेलरोड, नाशिकरोड